चक परदेशी नाही म्हणून जॉब आऊट जात नाही

चक म्हणजे लेथवर जॉब (कापायचा धातूचा तुकडा) धरून फिरवणारी पकड, जॉ म्हणजे तिचे जबडे. जॉब मध्यावर न फिरता डगमगला की तो 'आऊट' जातो. लेथवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत महिनाभर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: "चक आऊट मारायला लागला की दुरुस्तीत पैसे घालवू नका, सरळ नवा परदेशी चक घ्या. एक शतांश मिलिमीटरच्या आत चालत नसेल तो चक भंगार समजा. घेताना मोठाच घ्या. बॅकप्लेट (चक आणि मशीनमधली तबकडी) तयार मिळते, बोल्ट आवळले की काम सुरू. फोर जॉच्या (चार जबड्यांच्या चकच्या) नादी लागू नका, तो जुन्या जमान्यातला."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी २२ वर्षं लेथ चालवतोय. पॉवरलूमचे शाफ्ट, पंपाचे स्लीव्ह, साखर कारखान्याच्या सीझनआधी येणारी दुरुस्तीची कामं, हेच आमचं पोट. एक-दोन मशीनवर चालणाऱ्या शेडला हा मजकूर कर्जात घालू शकतो, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतोय.

परवा शेजारच्या शेडमधला पोरगा मोबाइल घेऊन आला. "अण्णा, कर्ज काढतो, पण आता नवाच चक घेतो. जॉब लई आऊट मारतोय." मी म्हटलं, आधी डायल (किती डगमगतंय ते दाखवणारं काट्याचं मापक) लावू, मग बँकेत जा.

मजकुराचं पहिलं वाक्यच उलटं आहे. चक आऊट आहे हे ठरवलं कुणी? आम्ही चक बॅकप्लेटसकट उतरवला. बेडवर आधी लाकडी फळी टाकली, कारण हातातून निसटलेला चक बेडचे वे (ज्यांवर मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्या) कायमचे खराब करतो. स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) ज्या गोल भागावर बॅकप्लेट बसते तिथे डायलचा काटा टेकवला आणि स्पिंडल हाताने फिरवला. काटा ०.०१ मि.मी.च्या आसपास हलला, म्हणजे तिथे ठीक. मग स्पिंडलखाली लाकडाचा दांडका घालून वर उचलून पाहिलं. बेअरिंग ढिलं असतं तर काटा तिथेच उडाला असता आणि जगातला कुठलाही चक त्याला सरळ करू शकला नसता. ढिल्या बेअरिंगवर नवा चक चढवणारे मी पाहिलेत. पैसे जातात आणि जॉब तसाच राहतो.

नंतर चक उघडला. आत स्क्रोल म्हणजे चकलीसारखी सर्पिल खाचांची तबकडी असते, तिच्यावर तिन्ही जॉ एकत्र आत-बाहेर सरकतात. त्या खाचांत बिडाचा भुसा आणि तेल मिळून काळं डांबर झालं होतं, ब्रशने निघेना, खिळ्याने खरवडावं लागलं. रॉकेलमध्ये धुऊन, जॉ १, २, ३ या आकड्यांच्या क्रमानेच परत घातले. क्रम चुकला तर जॉ मध्यावर येतच नाहीत. साफ करण्याआधी पकडलेला बेअरिंगचा जुना रोलर जॉच्या तोंडाशी ०.१६ दाखवत होता, साफ केल्यावर ०.०९ आला. इतका फरक फक्त धुण्याने पडला.

आता 'एक शतांश' या मुद्द्याकडे. साध्या थ्री जॉ चककडून ०.०१ ची अपेक्षा करणं हाच मुळात गैरसमज आहे. एक स्क्रोल, तीन जॉ, तीन खाचा, तीन पिनियन (चावीने फिरणारी छोटी दातचाकं). प्रत्येकाची थोडी थोडी चूक एकत्र होते, आणि ती प्रत्येक व्यासाला वेगळी असते. चांगल्या स्थितीतला साधा सेल्फ सेंटरिंग चक साधारण ०.०५ ते ०.१० दाखवतो आणि त्यावर लोकांनी आयुष्यभर उत्तम कामं केली आहेत. शिवाय काट्याची हालचाल आणि सेंटर सरकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काटा पूर्ण फेऱ्यात ०.०८ हलला तर जॉबचं सेंटर त्याच्या निम्मं, म्हणजे ०.०४ च सरकलेलं असतं. ग्रुपवर एकजण काट्याचा आकडा सांगतो, दुसरा सेंटरचा, आणि वाद पेटतो.

आणखी महत्त्वाचं म्हणजे एकाच पकडीत टर्निंग, फेसिंग, बोअर (बाहेरून, तोंडावर आणि आतून कापणं) सगळं उरकलं तर चक ०.१५ आऊट असला तरी तयार झालेले सगळे भाग एकमेकांशी एकाच सेंटरमध्ये येतात, कारण ते चकच्या नव्हे, स्पिंडलच्या अक्षावर कापले जातात. चकची चूक नडते ती जॉब काढून, उलटा करून पुन्हा पकडला की. शाफ्टवर ६२०५ नंबरच्या बेअरिंगची सीट (बसायची जागा) घ्यायची असेल तर २५ मि.मी. व्यासावर तुम्हाला मायक्रॉनमध्ये खेळायचं असतं. असं काम थ्री जॉमध्ये पकडायचंच नसतं. दोन्ही टोकांना सेंटर मारून (मधोमध खळगा पाडून), ड्राइव्ह प्लेट आणि डॉग (शाफ्टला फिरवणारी तबकडी आणि पकड) लावून ते सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार टेकूंमध्ये फिरवायचं. मग शाफ्ट दहा वेळा काढा, दहा वेळा लावा, सेंटर तेच राहतं.

'दुरुस्तीत पैसे घालवू नका' हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पोराच्या चकात रोलर तोंडाशी ०.०९ होता, पण ८० मि.मी. बाहेर काटा त्याच्या दुपटीवर गेला. आखूड जॉब सतत जॉच्या टोकाशी पकडल्याने जॉ तोंडाशी झिजून पसरतात, मग लांब बार आतल्या बाजूला धरला जातो आणि पुढे हेलकावतो. हे ग्राइंडिंगने सुधारतं. टूल पोस्टवर (कापायचं हत्यार धरणाऱ्या भागावर) ग्राइंडर बांधायचा, जॉवर कामात येतो तसाच ताण देणारी रिंग अडकवायची आणि आतले चेहरे सरळ करायचे. ताण न देता, मोकळे जॉ घासले तर काम फुकट जातं. एक मर्यादा मान्य करायला हवी. ग्राइंड केलेले जॉ त्या एका व्यासालाच उत्तम बसतात, इतर व्यासांना स्क्रोल जशी असेल तसे. आणि जॉ हाताने हलवल्यावर खाचेत डुलत असेल तर बॉडीच झिजली आहे. तिथे ग्राइंडिंगवर पैसा घालू नका, चक बदला.

बदलायचाच तर परदेशीच का? पोलंडचा बिसन, जर्मनीचा रोहम, हे चांगलेच चक आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर जॉब उलटा-सुलटा पकडून शेकडो नग काढायचे असतील, मशीन मोठ्या आरपीएमवर चालत असेल, तर तो खर्च वसूल होतो. पोलादी बॉडीचा चक बिडाच्या चकपेक्षा जास्त वेग सहन करतो. बिडाचा चक त्याच्यावर कोरलेल्या आरपीएमच्या वर कधी नेऊ नका, हा जिवाचा प्रश्न आहे. पण आमची जुनी गिअरची मशीनं कुठे पळतात एवढी? त्या वेगाला चांगल्या कारखान्याचा देशी बिडाचा चक पुरतो. घेताना दुकानात जॉ पूर्ण बाहेर, पूर्ण आत फिरवून पाहा. चावी कुठे जड, कुठे हलकी लागते का? तीनही पिनियनवर फिरवा. काही चकांवर एका पिनियनजवळ खूण असते, तिथूनच आवळलं तर रनआउट (काट्याची हालचाल) सगळ्यात कमी येतो. खूण नसेल तर घरी तिन्हींवर डायल लावून स्वतः खूण करा.

'मोठाच घ्या' यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोठा चक म्हणजे स्पिंडलच्या बेअरिंगवर कायमचं ओझं, आणि जॉ बाहेर काढले की बेडला किंवा सॅडलला (हत्यार वाहणाऱ्या सरकत्या भागाला) धडकण्याची भीती. मशीनसोबत ज्या मापाचा चक आला होता तेच माप धरा.

बॅकप्लेटच्या वाक्याने मात्र मला खरा राग आला. महागड्या चकची अचूकता याच जागी मातीमोल होते. तयार प्लेट तुमच्या स्पिंडलवर कच्चीच समजायची. आधी स्पिंडलची नाक कोणती ते पाहा: आट्याची की कॅमलॉक (आट्यांऐवजी खुंट्या अडकवून आवळायची). प्लेटचे आटे आणि मागचा खांदा पुसून, कचरा नाही ना हे बोटाने चाचपून चढवा. मग तुमच्याच मशीनवर तिचा फेस घ्या आणि चकच्या मागच्या खळग्यात बसणारा उठाव तिथेच टर्न करा. तो हाताने दाबून बसावा, पण चक हलता कामा नये. उठावाची उंची खळग्याच्या खोलीपेक्षा किंचित कमी हवी, म्हणजे चक सपाट फेसवर टेकतो. उठाव तळाला लागला तर बोल्ट आवळताना चक वाकडा ओढला जातो. प्लेट आणि चकवर पंचने एकमेकांसमोर खूण करून ठेवा, पुढच्या वेळी त्याच जागी बसवा.

आणि फोर जॉ! जुन्या जमान्यातला म्हणून ज्याला मोडीत काढलं, तोच गरिबाचा खरा अचूक चक आहे. यात चारही जॉ स्वतंत्र सरकतात, त्यामुळे स्क्रोलची चूक नावालाही राहत नाही. साध्यातल्या साध्या फोर जॉवर जॉब ०.०१ मध्ये आणता येतो. डायल लावा, १ नंबरचा जॉ समोर आणून आकडा वाचा, अर्धा फेरा फिरवून ३ चा वाचा. फरकाच्या निम्मं सरकवायचं, एक ढिला तर समोरचा लगेच घट्ट. मग २ आणि ४ तसेच. सुरुवातीला पंधरा मिनिटं लागतात. हात बसला की तीन-चार. चौकोनी तुकडा, ओतीव वेडावाकडा ब्रॅकेट, मुद्दाम सेंटर सोडून करायचं काम, हे थ्री जॉ कितीही महाग असला तरी करणार नाही.

पोराने कर्ज काढलं नाही. जॉ ग्राइंड करून घेतले, नवी बॅकप्लेट आम्ही त्याच्याच मशीनवर टर्न करून घेतली. लूमच्या बारीक पिनांसाठी मी त्याला ईआर ३२ कोलेट चक (बार सगळीकडून सारखा आवळणारी नळीसारखी पकड) सुचवला, २० मि.मी.पर्यंतचा बार त्यात छान धरतो. उरलेल्या पैशांत तो जुन्या मशीनवाल्याकडून फोर जॉ आणायला निघाला, तर मी सोबत गेलो. पहिल्या चकचा चौथा जॉ खाचेत डुलत होता, म्हणून तो चक सोडला. दुसऱ्या चकचे चारही स्क्रू चावीने टोकापर्यंत फिरवले, जॉ बाहेर काढून दात पाहिले, बॉडीवर जॉच्या खाचांच्या कोपऱ्यांत तडा आहे का ते नखाने चाचपलं. मग रोलर पकडून हाताने ओढला, आणि तेव्हाच त्याने पैसे मोजले.