"येतातच" मधला तो 'च': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

केमोत केस जाण्याबद्दल मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते रागातलं होतं, पुसून टाकलं. आज थंड डोक्याने लिहिते आहे. (थंड डोक्याचा विषय पुढे येणारच आहे.)

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. कॅन्सरमध्ये प्रश्न जिवाचा असतो आणि मी केसांचं रडगाणं लावलं आहे. बायकांना तेव्हाही दिसण्याचीच पडलेली असते. तुमच्या पत्नींची केमो झाली, त्यांनी केसांबद्दल एका शब्दाने कुरकूर केली नाही. कोल्ड कॅपबद्दल, म्हणजे केमोत केस टिकावेत म्हणून डोकं थंड ठेवणाऱ्या टोपीबद्दल, लिहून मी कुणाची तरी जाहिरात करते आहे. आणि "केस परत येतातच" हे माझं वाक्य खोटं आहे, कारण उपचार संपून दोन वर्षं झाली तरी तुमच्या पत्नींच्या टाळूवर केस विरळच आहेत, त्या अजून स्कार्फ बांधतात.

शेवटून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. "येतातच" मधला तो 'च' मी लिहायला नको होता. बहुतेकांचे केस येतात. शेवटच्या केमोनंतर एक ते तीन महिन्यांत लव दिसायला लागते आणि मग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने केस वाढतात. माझे आधी सरळ होते, आले ते कुरळे, वर्षभराने पुन्हा सरळ झाले. पण डोसिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधांनंतर काही जणांचे केस कायमचे विरळ राहतात, आणि डोक्याला जास्त मात्रेचं रेडिएशन मिळालं तर त्या भागातले परत न येण्याचीही शक्यता असते. शिवाय स्तनाच्या कॅन्सरनंतर बऱ्याच जणींना पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या असतात, त्यांनीही केस पातळ होऊ शकतात. तुमच्या पत्नी त्या घेत असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर हे घाला, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. थायरॉइड आणि शरीरातलं लोह तपासून घ्या, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. "दोन वर्षं झाली, आता काय" असं म्हणून सोडून देऊ नका.

आता जाहिरात. अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरमध्ये डोकं थंड ठेवणाऱ्या पहिल्या यंत्राला तिथल्या औषध प्रशासनाने स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी दिली. २०१७ मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकीत टोपी घातलेल्या ९५ बायकांपैकी ४८ जणींचे केस टिकले, न घातलेल्या ४७ पैकी एकीचेही टिकले नाहीत. पण 'टिकले' म्हणजे निम्म्याहून कमी गेले, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, ज्यांना दिलं जातं त्यांच्यात यश बरंच कमी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर ही टोपी वापरतच नाहीत, कारण थंडीमुळे टाळूकडे औषध कमी पोचलं तर तिथे कॅन्सरच्या पेशी तग धरू शकतात.

मला लाल औषधच होतं. मी ती टोपी दोनदा घातली. औषध सुरू होण्याआधी अर्धा तास, औषध चालू असताना पूर्ण वेळ आणि संपल्यावर आणखी दीड तास. पहिली दहा-पंधरा मिनिटं कपाळाच्या कडेला बर्फ दाबून धरल्यासारखी कळ यायची, मग डोकं बधिर व्हायचं. माझे केस गेलेच. तिसऱ्या वेळी मी नर्सना म्हटलं, राहू द्या. हे सगळं मी मूळ लेखात लिहिलं नाही, टोपी कशी काम करते तेवढंच सांगितलं. त्यामुळे तुम्हाला जाहिरातीचा वास आला तर त्यात तुमची चूक नाही.

पण "जीव की केस" हा सवाल मला मान्य नाही. केस जातील या धास्तीने केमो पुढे ढकलणारी माणसं असतात, साफ नको म्हणणारीही असतात. त्यांच्याशी केसांबद्दल नीट बोलणं हा जीव वाचवण्याचाच भाग आहे. "केस काय, परत येतील" असं म्हटलं की ते माणूस गप्प होतं आणि पुढच्या तारखेला येत नाही. आणि यात फक्त बायका असतात हेही खरं नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर केमो घेणारे एक गृहस्थ होते, टक्कल आधीपासूनचंच. मिशी गेली तेव्हा मात्र ते मास्क लावून येऊ लागले, आणि जंतुसंसर्गाचं कारण कुणी न विचारताच सांगायचे.

माझं म्हणाल तर केसांबरोबर माझा एक हक्क गेला. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा. तोवर आजार घरात होता, चार माणसांत होता. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. भराभर विभागून वाढणाऱ्या पेशींवर केमोचं औषध घाव घालतं, म्हणून ते दोन-तीन आठवड्यांत जातात. भुवया आणि पापण्यांचं तसं नसतं, त्या मागे रेंगाळतात आणि आता सुटलो असं वाटायला लागतं तेव्हा गळतात. माझ्या चौथ्या केमोनंतर गेल्या. डोकं स्कार्फने झाकता येतं, भुवयांचं काय करणार? पेन्सिलीने काढायच्या तर त्या नेमक्या कुठे होत्या तेच आठवत नाही. (आधी समोरून एक फोटो काढून ठेवा. मी ठेवला नव्हता, त्यामुळे महिनाभर चेहऱ्यावर कायम आश्चर्य होतं.) नाकातले केसही जातात, मग मान खाली घातली की सूचना न देता नाक गळतं.

त्याच दिवसांत लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या. एरवी "काय म्हणता?" एवढंच बोलणाऱ्या. त्यांनी स्कार्फकडे बघितलं, मग कपाळाकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुठला?" एकच शब्द. मला चौथ्या मजल्यावर जायचं होतं. मी तिसऱ्यावर उतरले आणि उरलेला मजला जिना चढून गेले. त्या दिवसांत एक मजला चढणं म्हणजे काय, ते तुमच्या पत्नी सांगतील.

आणि त्यांनी कुरकूर केली नाही, याबद्दल. पहिल्या केमोनंतरच्या सोळाव्या दिवसाची गोष्ट सांगते. आदल्या दोन रात्री केसांची मुळं दुखत होती. उशीवर कूस बदलली की कुणीतरी उलट्या बाजूने केस ओढतंय असं वाटायचं. सकाळी न्हाताना सहज हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. ओढावे लागले नाहीत. मोरीच्या जाळीवर पाणी तुंबलं. मी खाली बसून केस गोळा केले, कागदात गुंडाळले, कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दाबले आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "पाणी छान गरम आहे, जा तू." चार दिवस हेच केलं. पाचव्या दिवशी त्याच्याच हातून ट्रिमर फिरवून घेतला. उशीवर पडणारे बारीक काटे मग तो रोज सकाळी चिकटपट्टीने टिपून काढायचा. पण त्या चार दिवसांबद्दल विचारलंत तर तोही सांगेल, हिने कधी कुरकूर केली नाही.

तुमच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. त्यांना खरंच काही वाटलं नसेल, तसंही असतं, आणि त्यात काही वावगं नाही. पण त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत हे तुम्ही लिहिलंत, आणि दोन वर्षांनी त्या अजून स्कार्फ बांधतात हेही तुम्हीच लिहिलंत. टाळूवरचे केस विरळ आहेत हे तुमच्या लक्षात आहे, म्हणजे तुम्ही बघत आला आहात.

लेखातला तो 'च' आज काढला. टोपीच्या परिच्छेदात माझा अनुभव आणि वरचे आकडे घातले. "सरळ डोकं भादरून टाका" असं मी ठोकून दिलं होतं, तेही बदललं आहे. कापायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कापायचे ठरवलं तर वस्तरा नको, ट्रिमर वापरा. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा टाळूवरचा साधा काप चिघळायला वेळ लागत नाही.