प्रतिवादी क्रमांक ४ क (२)

कोर्टात नोकरी करतो म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो. लिपिक आहे म्हटलं की लगेच पुढे सरकतो, "मग आमची तारीख जरा अलीकडची मिळेल का?" तारीख न्यायाधीश देतात. मी ती फक्त संगणकात चढवतो. शिव्या मात्र चढवणाऱ्याला.

फौजदारीकडचे सहकारी सुखी. कलम १३८ चं, चेक न वटल्याचं प्रकरण म्हणजे एक चेक, एक देणारा, एक घेणारा. नावं टाकली की संपलं. माझ्या टेबलावर येतात वाटपाचे दावे. जमीन काही गुंठे आणि प्रतिवादी एका एसटीत न मावणारे! प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, पत्ता भरायचा. धंद्यापुढे पुरुषांच्या नावावर 'शेती', बायकांच्या नावावर 'शेती व घरकाम'. बायका दोन धंदे करतात, हे निदान दावा टाइप करणाऱ्याला तरी मान्य आहे. सगळं भरलं की १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, निघतो. तो टाकला की मोबाईलवर तारीख घरबसल्या दिसते. पक्षकार ती चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवतो आणि तारीख विचारायला पुन्हा माझ्याकडेच येतो.

समन्सचं वेगळंच. बेलीफचा अहवाल येतो, 'घरास कुलूप, शेजारी चौकशी करता बाहेरगावी गेल्याचे समजले.' आणि तो बाहेरगावी गेलेला इसम शेजारच्या कोर्टात स्वतः वादी म्हणून बाकावर बसलेला असतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये एका पक्षकाराला सुनावणीत ३ पेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं लिहिलंय. त्या नियमाबद्दल मी काही बोलत नाही. नोकरी आहे.

पण खरा छळ वारसांचा. दावा चालू असताना माणसं जातात, आणि वारस रेकॉर्डवर घ्यायला मुदत ९० दिवसांची. मग प्रतिवादी ४ चे ४ अ, ४ ब, ४ क होतात. ४ क गेला की ४ क (१), ४ क (२). शिपाई पुकारा करताना पहिलं नाव घेऊन 'व इतर' म्हणतो आणि मोकळा होतो. मला 'व इतर' टाइप करायची सोय नाही.

मध्यंतरी मिशी पिकलेले एक गृहस्थ टेबलाशी आले. म्हणाले, "मी सात नंबर." फाईल काढली. प्रतिवादी क्र. ७, वय १४, धंदा शिक्षण, अज्ञान तर्फे अज्ञान पालनकर्ती आई.

"काका, रेकॉर्डवर तुम्ही अजून अज्ञान आहात. सज्ञान झाल्याचा अर्ज लागेल, वयाच्या पुराव्यासकट."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हा पुरावा चालत नाही का?"

"शाळेचा दाखला आणा. तोवर सही आईंची लागेल."

"आई गेली की हो."

"त्या स्वतः पण प्रतिवादी होत्या?"

"सहा नंबर."

"मग आधी त्यांचे वारस लावावे लागतील. कोण कोण आहेत?"

"मी एकटाच."

"पण काका, तुम्ही तर अज्ञान!"