नाट्यगृह झालं, आता तालमीला खोली द्या

जळगावात नाटक करणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात मोठी अडचण कोणती? पैसा, असं उत्तर येईल असं तुम्हाला वाटेल. पण पैसा कसाबसा उभा राहतो. नेपथ्याचं लाकूड उधारीवर मिळतं, लाइटवाला ओळखीचा निघतो, कपडेपट निम्मा घरच्या कपाटातून येतो. गाडी अडते ती तालमीच्या जागेवर. गेली कित्येक वर्षं मी हौशी नाटकांच्या पडद्यामागे काम करतोय आणि दर हंगामाला पहिला प्रश्न तोच असतो, "दादा, या वेळी तालीम कुठे?"

आपल्याकडे बरीच वर्षं बालगंधर्व खुलं नाट्यगृहच होतं. ज्या गावात नारायणराव राजहंसांचं, म्हणजे बालगंधर्वांचं बालपणीचं शिक्षण झालं, मेहबूब खाँसाहेबांकडे गाण्याचे पहिले धडे झाले, त्या गावात बंदिस्त रंगमंचासाठी किती वाट पाहावी लागली हे जुन्या मंडळींना माहीत आहे. अखेर महाबळला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह उभं राहिलं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तिथे जाऊन बसा. मेडिकलवाला, शाळेतल्या बाई, बँकेतला कारकून, सगळे रंगमंचावर आणि त्यांचे शेजारीपाजारी समोर खुर्चीत. हौशी नाटकाची ही स्पर्धा साठी ओलांडून गेली आणि अजून चालू आहे, ती अशाच गावोगावच्या केंद्रांवरच्या माणसांच्या जिवावर.

पण प्रयोग दोन तासांचा असतो. नाटक घडतं त्याआधीच्या महिना-दीड महिन्यात, रोज संध्याकाळी साडेसात ते दहा. त्या दीड महिन्यासाठी गावात कोणी काही बांधलेलं नाही.

मग तालीम होते गच्चीवर. कार्तिकातली थंडी, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे. खडूने रंगमंचाची चौकट आखायची, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणजे सोफा, टाकीचा पाइप म्हणजे दरवाजा. रोज दव पडून खडू पुसला जातो, रोज नव्याने आखायचा. आणि मुख्य म्हणजे आवाज काढायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेलेल्या असतात, "अरे भाऊ, पोरीचं दहावीचं वर्ष आहे ना." त्यांचं काहीच चुकत नाही. म्हणून बाप-लेकाच्या भांडणाचा प्रवेश कुजबुजत बसवायचा. याचा परिणाम प्रेक्षकांना प्रयोगाच्या दिवशी दिसतो, फक्त कारण कळत नाही. ज्या नटाने महिनाभर दबक्या आवाजात वाक्यं घोटली, त्याचा श्वास तेवढाच तयार होतो. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हटलं की तो एकदम ओरडायला लागतो, आणि प्रवेशाची सगळी चढण सपाट होते. परीक्षक लिहितात, "आवाजाच्या चढउतारावर मेहनत हवी." मेहनत हवी हे खरंच आहे, पण ती करायची कुठे?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुली. स्त्री-भूमिकेला कोणी मिळत नाही, अशी ओरड दर वर्षी ऐकू येते. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या विद्यापीठाच्या युवारंग या कॉलेजांच्या युवक महोत्सवात जाऊन बघा, एकांकिकेत, मूकनाट्यात, लोकनृत्यात मुली काय ताकदीने उभ्या राहतात. तिथे तालीम कॉलेजात होते, सर असतात, शिपाईकाका असतात, वेळ ठरलेली असते. त्याच मुलीने पदवीनंतर घरी सांगायचं, की तालीम एका मित्राच्या गच्चीवर आहे, उद्या कदाचित दुसरीकडे असेल, दहा-साडेदहा होतील. आई-वडील नाही म्हणतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही आधी जागा बघायला आलो असतो. गच्चीवर बाथरूम नाही, जिन्यात दिवा नाही. एक चांगली अभिनेत्री अशी हातातून जाते आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरींना आवड राहिली नाही.

खान्देशात जे टिकलं ते बघा जरा. ज्याला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ आहे, तेच टिकलंय. जुन्या जळगावच्या श्रीराम मंदिराचा रथ 1872 पासून कार्तिकी एकादशीला निघतो. रथाच्या चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. एवढा मोठा लाकडी रथ, पुढे हजारो हात दोर ओढतायत, आणि ही माणसं धावत्या चाकाशी वाकून बरोबर क्षणी मोगरी सरकवतात, तेव्हा रथ थांबतो किंवा वळणावर तोंड फिरवतो. एक क्षण चुकला तर हात गेला. हे कौशल्य कोणत्या पुस्तकात मिळतं? काका लावतो, पुतण्या शेजारी उभा राहून शिकतो. दर वर्षी तोच रस्ता, तीच वळणं, भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या दर्ग्याजवळचा तोच थांबा. शिकणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते माहीत असतं.

आपल्या खान्देशच्या कानबाई देवीच्या सणाचंही तसंच. नागपंचमीनंतरचा रविवार म्हटला की मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंद न बोलावता घरी येतात, रोट होतात, रात्र जागते, सोमवारी कानबाई नदीवर जाते. भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेला बसते, कोजागरीला उठते. महिनाभर रोज संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यावर मुली जमायच्या, टिपऱ्या घ्यायच्या, गाणी म्हणायच्या, मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. आता भुलाबाईच्या मोठ्या स्पर्धा होतात, शाळाशाळांचे गट उतरतात, त्यामुळे गाणी पुढच्या पिढीच्या तोंडी राहिली. हे काम मोलाचं आहे. पण अपार्टमेंट आल्या आणि ओटे गेले, हेही खरं. वही गायनाच्या, म्हणजे डफावर पारंपरिक लोकगीतं गाणाऱ्या, मंडळांना निदान गावात अजून देवळाचा पार आहे, रात्री जेवणं उरकली की डफ काढून बसता येतं. शहरातल्या नाटकवाल्याला, तबला शिकणाऱ्याला, कविता वाचू बघणाऱ्याला ना ओटा ना पार.

एकट्याने करायची कला असेल तर माणूस चार भिंतींत डोंगर उभा करू शकतो. चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस यांनी तेच केलं. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला बाहेरचं निसर्गदृश्य वाटावं. अजूनही कोणी पाहुणे आले की मी त्यांना आग्रहाने तिथे नेतो. पण मूस यांना राहतं घर होतं, आणि कामाला दुसरा माणूस लागत नव्हता. नाटकाला सात-आठ माणसं एका वेळी, एका जागी, रोज लागतात.

काही जण म्हणतील, आता युट्यूब आहे की. आहेच, आणि आपल्या अहिराणी पोरांनी त्यावर जे केलंय त्याचा मला अभिमान आहे. शेताच्या बांधावर मोबाईल लावून सुरू झालेली गाणी आज खान्देशातल्या प्रत्येक हळदीत वाजतात, सुरतेपर्यंत वाजतात. अहिराणी बोलायची लाज वाटणारी पोरं त्यावर नाचायला लागली. या पोरांना जागा मोबाईलने दिली. नाटकाला ती मोबाईल देऊ शकत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती लहान आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी बंद असतात. प्रत्येक भागातल्या एका शाळेतला एक मोठा वर्ग किंवा हॉल सायंकाळी सात ते दहा तालमीसाठी द्या. सपाट फरशी, चार ट्यूबलाइट, कडी लागणारं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी. बाकं आम्ही हलवू आणि जाताना होती तशी लावू. अनामत घ्या, विजेचे पैसे घ्या, रखवालदाराच्या जादा वेळेचा मोबदला घ्या. महिन्याचं वेळापत्रक दारावर लावा, म्हणजे सोमवार-बुधवार नाटक, मंगळवारी भजनी मंडळ, शनिवारी लोककलेवाले, असं सगळ्यांना वाटून मिळेल. आणि ओळखीवर देऊ नका, अर्जाच्या क्रमाने द्या. हे मुद्दाम लिहितोय, कारण एका संस्थेच्या सभागृहाला आम्ही रीतसर अर्ज केला होता, आठवड्याभराने उत्तर आलं की कोणाचा तरी फोन आणा. फोन आणू शकणारे गट मोजकेच असतात. नवीन पोरांचा गट तिथेच संपतो.

रस्त्यांचे खड्डे बुजत नाहीत आणि तुम्हाला तालमीची पडली आहे, असं खाली कोणीतरी लिहिणार. भाऊ, खड्ड्यांवर मीही तुमच्यासोबत आहे. पण या मागणीत नवीन बांधकाम नाही, टेंडर नाही. असलेल्या खोलीचं कुलूप तीन तास उघडायचं आहे. मोठमोठ्या महोत्सवांवर मंडप, एलईडी, पाहुण्यांचं मानधन असा खर्च होतो, तो होऊ द्या, मोठे कलावंत आपल्या गावात आलेच पाहिजेत. बालगंधर्व संगीत महोत्सवात थंडीत शाल गुंडाळून ऐकलेली गाणी मी विसरलेलो नाही. पण ते गाणं ऐकून ज्या पोराला स्वतः बसावंसं वाटलं, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे बसणार? पुण्याला जातो तो. गावातले नट, लाइटवाले, संगीत देणारे असे किती गेले ते आपण सगळे जाणतो. सगळेच नोकरीसाठी गेले नाहीत.

भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, नंदुरबारच्या मित्रांनी आपापल्या गावात तालमी कुठे होतात ते कमेंटमध्ये लिहा. कुठे एखाद्या शाळेने, मंगल कार्यालयाने, देवस्थानाने खोली दिली असेल तर कोणत्या अटींवर दिली तेही लिहा, म्हणजे अर्जासोबत उदाहरण म्हणून जोडता येईल. अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. ज्या गटांना सही करायची आहे त्यांनी इनबॉक्समध्ये गटाचं नाव आणि एका माणसाचा नंबर पाठवा. दिवाळीनंतर स्पर्धेच्या तालमी सुरू होतील, त्याआधी हा अर्ज आयुक्तांच्या टेबलावर पोचला पाहिजे.