जॉली बॉयवर चहाची टपरी का नव्हती? दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

काका, नमस्कार. सहलभर आपल्याला काकाच म्हणत होतो, तेव्हा इथं एकदम ‘आदरणीय ग्राहक’ म्हणायला जमणार नाही.

आपला रिव्ह्यू येऊन पाच दिवस झाले. उत्तराला उशीर केला, कारण पहिल्याच रात्री लिहायला बसलो असतो तर भांडण लिहून झालं असतं. दुसरं असं की रिव्ह्यूतल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत, आणि धंदेवाल्या माणसाला खरं गिळायला जरा वेळ लागतो.

ज्यांनी मूळ रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काका-काकू, त्यांची सून आणि नऊ वर्षांचा नातू असे चौघं आमच्यासोबत लातूरहून हैदराबाद आणि तिथून विमानानं अंदमानला आले. त्यातल्या जॉली बॉय बेटाच्या दिवसाबद्दल काकांनी लिहिलंय: ‘फोटोत लाल-जांभळी पोवळी दाखवली, प्रत्यक्षात सगळं मातकट. बेटावर चहा नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. पाण्याच्या बाटल्या आणि धपाट्याची पिशवी काढून घेतली, मग उन्हात तहानेनं जीव गेला. दीड तास समुद्रात म्हणाले, मिळाली वीस मिनिटं. गाईडनं माझ्या मिशीची चेष्टा केली. लेकराच्या हातातला शंख हिसकावला. वन्यजीव म्हणून खेकडे दाखवले. सहा वाजता अंधार पडला म्हणून हॉटेलात कोंडलं.’

आधी फोटो. काका, तो फोटो जॉली बॉयचा नव्हता. माहितीपत्रक छापायला दिलं तेव्हा डिझाइन करणाऱ्या पोराला मी ‘पोवळ्याचा एखादा भारी फोटो टाक’ एवढंच सांगितलं. त्यानं नेटवरून कुठला तरी उचलला आणि मी न बघता ‘ओके’ म्हणालो. पत्रकावर नाव माझं, म्हणून चूकही माझीच. ती पत्रकं उचलली. नव्या पत्रकात आपल्याच ग्रुपमधल्या एकाच्या मोबाइलवर काढलेला फोटो आहे, मातकट तर मातकट.

पण त्या मातकटाबद्दल दोन शब्द बोलू द्या. आपण बसमध्ये बोटातली अंगठी दाखवून म्हणाला होता, ‘पोवळं लाल असतं एवढं आम्हालाही कळतं.’ अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं. दागिन्यातलं ते पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत आलंय. मराठीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे ही गफलत आपल्या एकट्याची नाही, निम्म्या बसची होती. जॉली बॉयला उथळ पाण्यात दिसतं ते पोवळं म्हणजे बारक्या बारक्या जीवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकालाही देतं. तो तपकिरी रंग त्या शैवालाचा. म्हणजे मातकट दिसतंय ते जिवंत आहे, पोटभर जेवतंय. फोटोत ते रंगीत दिसतं याचं एक कारण कॅमेऱ्याचा फ्लॅश. पाण्यात काही मीटर खाली गेलं की लाल रंग सगळ्यात आधी विझतो.

आणि आपण लिहिलंय, ‘अधूनमधून पांढरी शुभ्र होती तेवढीच बघण्यासारखी.’ काका, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पांढरी होती ती एक तर आजारी, नाही तर मेलेली. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद अंशानं जरी जास्त तापलं तरी पोवळं ते शैवाल बाहेर टाकतं आणि आतला चुन्याचा सांगाडा उघडा पडतो. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाही तर उपाशी मरतं. २०१० मध्ये अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ मध्ये पुन्हा. हे सगळं बोटीत बसल्यावर सांगायला हवं होतं. आमच्या माणसानं सांगितलं नाही, कारण त्याला मी सांगितलं नव्हतं.

आता पाणी. बेटावर प्लॅस्टिक न्यायला बंदी आहे, बोट सुटते त्या वंडूरच्या धक्क्यावरच बॅगा तपासतात. ते आमच्या हातात नाही आणि असतं तरी मी ते बदललं नसतं. पण बेटावर प्यायचं पाणी मिळत नाही हे मला माहीत होतं, आणि तरी माणशी एक लिटरची एकच स्टीलची बाटली दिली. फेब्रुवारीतलं तिथलं ऊन, अंगावर मीठ, एक लिटर कुणाला पुरतंय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेला लातूरचा माणूस पाण्याचा हिशेब चुकतो, याची लाज वाटते. यापुढं माणशी दोन बाटल्या, आणि ग्रुपचा एक जादा थर्मास.

धपाटे मात्र कुणी काढून घेतले नाहीत, पिशवी काढून घेतली. धपाटे काकूंनी जागच्या जागी स्टीलच्या डब्यात भरले आणि बोटीत त्यातले दोन मला दिले. शेंगाच्या चटणीसकट.

वेळेचं आपलं म्हणणं बरोबर. पत्रकात ‘दीड तास समुद्रात’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात तो दीड तास म्हणजे काचेच्या तळाच्या बोटीतली फेरी, कपडे बदलणं, मास्क वाटप, सगळं धरून. तोंड पाण्यात घालून बघायची वेळ वीस-पंचवीस मिनिटंच. स्नॉर्केलिंगचे, म्हणजे मास्क-नळी लावून पाण्यात बघण्याचे, म्हणून वेगळे घेतलेले पैसे चौघांचेही परत करतो. काकू आणि सूनबाई तर पाण्यात उतरल्याही नव्हत्या, त्यांचे मुळात घ्यायलाच नको होते.

इथपर्यंत आपण जिंकलात. पुढं मला थोडं भांडू द्या.

‘चार खुर्च्या आणि चहाचा एक गाडा टाकायला काय होतं?’ काका, जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट आहे. १९८३ साली झालेलं हे उद्यान साधारण २८१ चौरस किलोमीटरचं, पंधरा बेटांचं. वनखात्याच्या परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही, मुक्काम करता येत नाही, सोमवारी बंद. वर्षातले काही महिने जॉली बॉय उघडं असतं, बाकीचे महिने त्याला विश्रांती आणि शेजारचं रेड स्किन उघडं. रान चराईला आळीपाळीनं बंद ठेवतात तसं. तिथं टपरी आली की मागोमाग कप येणार, कपामागं कचरा, कचऱ्यामागं कुत्री. आपल्याकडच्या एकेका डोंगरावर काय झालं ते आपण बघतोच. त्या बेटावर काही नाही, आणि ते काही नसणं बघायला मी लोकांना एवढ्या लांब नेतो. हां, ते आधी स्पष्ट सांगितलं असतं तर आपण घरूनच थर्मासात चहा आणला असता.

मिशीचं. मी आमच्या गाईड मुलाला समोर बसवून विचारलं. तो म्हणतो, ‘मी काकांना मिशीला व्हॅसलीन लावा म्हणालो.’ काका, ती चेष्टा नव्हती. मास्कचा रबर ओठावरच्या कातडीला चिकटला तरच पाणी आत येत नाही. भरघोस मिशी असली की केसांमधून पाणी शिरतं. त्यावर दोनच उपाय, वस्तरा नाही तर व्हॅसलीन. वस्तऱ्याचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही, आणि त्यात तो शहाणाच ठरला. पण चारचौघांत हसत सांगायची गोष्ट नव्हती ती. बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं. त्यानं माफी मागितली आहे, मीही मागतो.

पाण्यात उतरताना दिलेल्या रबरी रिंगचंही तेच. आपण विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, त्यामुळे ‘मला रबरी रिंग कशाला’ हा राग मला कळतो. मीही विहिरीतच शिकलो. पण विहिरीत आपण मान वर ठेवून हातपाय मारतो. इथं उलटं, तोंड पाण्यात, श्वास तोंडानं नळीतून, आणि हातपाय जवळजवळ गप्प. नाकानं श्वास घ्यायची सवय सुटेपर्यंत चांगल्या चांगल्या पोहणाऱ्याची धांदल उडते. माझीही पहिल्यांदा उडाली होती, खारं पाणी नाकात गेलं आणि मी समोर दिसेल त्यावर पाय टेकवून उभा राहिलो. आपणही उभे राहिलात. आमचा मुलगा ओरडला तो त्यासाठी. दगडासारखं दिसणारं गोल पोवळं वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. कलिंगडाएवढं असेल तर आपल्या नातवाहून मोठं असतं ते वयानं.

नातवाचा शंख. हे मात्र मी कुणाकडून ऐकलेलं नाही, मी शेजारी होतो. लेकरानं शंख उचलून तळहातावर घेतला होता, सुपारीपेक्षा थोडा मोठा, कडेला कुरतडल्यासारखा. ते काकूंना दाखवत असताना शंखातून एक पाय बाहेर आला. मग दुसरा. मग मुगाच्या दाण्याच्या निम्मे असे दोन डोळे. लेकरू ओरडलं नाही, फक्त श्वास धरून बसलं. तो शंखात राहणारा खेकडा होता. त्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. पोरं आणि मोठी माणसं शंख खिशात घालून नेतात, आणि याला घर मिळत नाही. मी लेकराला म्हणालो, ‘ठेव बाळा खाली.’ त्यानं ठेवला. हिसकावला नाही, काका. रडलं ते नंतर, आपण दुसरा तुकडा पिशवीत टाकलात आणि मी तो काढायला लावला तेव्हा. तो पोवळ्याचा तुकडा होता. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पोवळं वाघाच्याच यादीत आहे. विमानतळावर बॅगेत सापडला असता तर सहलीची आठवण निराळीच झाली असती.

‘खेकडे दाखवले’ यावर काय बोलू? पत्रकावर डुगाँगचं, म्हणजे समुद्रगायीचं, चित्र होतं, कारण तो अंदमानचा राज्यप्राणी. पण चित्र छापलं म्हणजे दर्शनाची हमी, असा अर्थ कुणीही काढेल. ते चित्र काढलं. खरं सांगायचं तर इतक्या खेपा केल्या, मला डुगाँग एकदाही दिसलेला नाही. जायकवाडीला रोहित पक्षी बघायला गेलो तरी कधी कधी नुसतं पाणीच बघून येतो आपण. पण आपल्या नळीखालून पोपटमासे गेले होते, हिरवे-निळे, चोचीनं पोवळं खरवडणारे. ते दगड दळतात आणि मागून वाळू टाकतात. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर टॉवेल अंथरून बसला होता, त्यातली काही तरी अशीच आलेली. (काकूंना हे आधी सांगितलं नाही ते बरंच केलं.)

अंधाराचं आमच्या हातात काही नाही. लातूरपेक्षा पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, सोळा रेखांश पूर्वेला, घड्याळ मात्र देशभर एकच. सूर्य तिथं आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. पुढच्या खेपेपासून सकाळी पाचला उठवणार आहोत, तेव्हा त्याचाही रिव्ह्यू येईलच.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर सोमवारी टाकतो. स्टार वाढवा असं म्हणत नाही.

आणि काकूंचा स्टीलचा डबा बसमध्ये राहिला होता, तो ऑफिसात आहे. घासून ठेवलाय. निलंग्याच्या एसटीत कुणाच्या हाती देऊ, की येणार आहात एकदा?