रजा पाळीच्या दिवसाची, त्रास आधीच्या आठवड्याचा

कर्नाटकाने २०२५ मध्ये नोकरदार स्त्रियांना पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजा मंजूर केली. तेव्हापासून आपल्याकडे तोच वाद रंगतोय: रजा हवी, की रजेपायी बायकांना नोकरीच नाकारतील? रजा मिळायलाच हवी. पण दोन्ही बाजू त्रास म्हणजे रक्तस्राव आणि पोटदुखी एवढंच धरून बोलतात. पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणजे पाळीआधी मनःस्थिती टोकाची बिघडवणारा आजार. त्यात सगळ्यात वाईट असतो तो पाळीआधीचा आठवडा. टोकाची उदासी, धास्ती, अनावर राग, क्षणात रडू. पाळी सुरू झाली की काही दिवसांत मन ताळ्यावर येतं. म्हणजे रजेचा दिवस उजाडेपर्यंत खरा कठीण काळ बराचसा उलटलेला असतो.

या आजाराच्या बाबतीत ब्रिटनमध्येही सगळं आलबेल आहे असं नाही. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि तज्ज्ञासाठी महिनोन्‌महिने रांग. पुण्यात पैसे मोजले की स्त्रीरोगतज्ज्ञ दोन दिवसांत भेटते. तरी ब्रिटनमधली एक रीत उचलावी: तिथे निदानाआधी सलग दोन चक्रांची रोजची नोंद मागतात.

कालनिर्णयावर पाळीच्या तारखेला गोल करण्याची सवय अनेक घरांत आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. एक वही घ्या. रोज रात्री, ठरल्या वेळी, उदासी, चिंता, राग, रडू, झोप, भूक, एकाग्रता, अंगदुखी यांपुढे १ ते ६ आकडा लिहा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे पराकोटीचं. काम किंवा नाती अडली का, तेही लिहा. रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसाला ‘दिवस १’ म्हणा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर नोंदवा, त्यांनी चित्र बदलतं. महिनाअखेरीस आठवून भरलेली वही कुचकामी. तेव्हा आपण घडलेलं नव्हे, वाटलेलं लिहितो.

मग पाळी थांबल्यानंतरचा आठवडा तपासा. तिथे आकडे १-२ वर उतरले, तर पीएमडीडीची शक्यता. तिथेही ४-५ असतील, तर मुळात नैराश्य किंवा चिंताविकार असून पाळीआधी तो बळावत असेल. उपचार वेगळे पडतात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. हार्मोनचे रिपोर्ट मात्र बहुधा नॉर्मल येतात, कारण दोष पातळीत नसून तिच्या नेहमीच्या चढउतारांना मेंदू देत असलेल्या प्रतिसादात असतो. ‘सगळं नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका’ असं सांगून बाईला घरी पाठवणं म्हणूनच चूक आहे. नैराश्यावरची काही औषधं यात फक्त पाळीआधीचे दोन आठवडेही देता येतात, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

जीव नकोसा वाटत असेल तर वही भरायची वाट पाहू नका. भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.