पहिल्या दिवशी घट्ट पट्टी का बांधली नाही

नमस्कार. आमच्या क्लिनिकबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. वडिलांना घेऊन सदाशिव पेठेत गाडी लावायला जागा शोधायची, जिना चढायचा आणि वर पुन्हा ताटकळत बसायचं, हा त्रास झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. बसायच्या जागेचं बघतोय.

पण ‘पायाला बीपीचा पट्टा लावायचे नऊशे रुपये घेतले, अर्धा तास नुसतं झोपवून ठेवलं आणि पट्टी न बांधता साध्या ड्रेसिंगवर घरी पाठवलं, ही लूट आहे’ हे फार लागलं. त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

वडिलांचे आकडे इथे लिहिणार नाही, ते त्यांचे खाजगी आहेत. तपासणी काय असते तेवढं सांगते. पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही त्याचं बहुतेक वेळा कारण शिरांमध्ये असतं. शिरांतल्या झडपा निकामी होतात, रक्त वर चढत नाही, घोट्याजवळ साठतं, कातडी काळपट होते आणि फुटते. अशा जखमेला मलमापेक्षा घट्ट पट्टीचा गुण येतो. चार थरांची पट्टी घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देते. पण त्याच पायाच्या धमन्याही अरुंद झालेल्या असतील, म्हणजे मुळात रक्त खाली पोचतच नसेल, तर हीच पट्टी बोटं काळी पाडू शकते. वरून जखम बघून हे नेहमी कळत नाही.

म्हणून आधी मोजायचं. पेशंटला दहा-पंधरा मिनिटं सपाट झोपवावं लागतं, कारण जिना चढून आल्या आल्या घेतलेला आकडा फसवा येतो. तुम्ही ज्याला ‘नुसतं झोपवून ठेवलं’ म्हणालात त्यातला हा वेळ. मग जेल लावून, पेनाएवढा डॉप्लर (रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरून दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर दाब घ्यायचा. घोट्यापाशी दोन धमन्या आहेत, दोन्हींचा आवाज शोधावा लागतो, आणि सुजलेल्या पायात तो पटकन सापडत नाही. त्या दिवशी हे मी स्वतः केलं, वाकून, घाई न करता. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब १ च्या आसपास यायला हवा. ०.८ च्या खाली आला तर पूर्ण दाबाची पट्टी बांधत नाही. ०.५ च्या खाली गेला तर पट्टीचा विषयच सोडायचा आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवायचं.

वडिलांना डायबेटिस आहे हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय. डायबेटिसमध्ये धमन्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा कलर डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) बघितल्याशिवाय मी कुणाचाही पाय आवळत नाही. ‘बाहेर शंभर रुपयांत बांधून देतात’ असं तुम्ही आमच्या सिस्टरना मोठ्या आवाजात सुनावलंत. त्या सकाळपासून उभ्या होत्या. तुमच्या वडिलांची जखम त्यांनीच खाली बसून, सलाइनने हळू हळू धुतली होती, तेव्हा काका शांत पडून होते.

दोन खाटांचं छोटं क्लिनिक आहे हे. लोक स्टार बघून येतात आणि स्टार बघूनच परत जातात, याची काळजी वाटते. पट्टी बांधून पैसे घेणं आम्हाला सोपं होतं, ते केलं नाही.

पहिल्या दिवशी काय होणार आणि किती खर्च येणार, हे अपॉइंटमेंट देतानाच सांगायला रिसेप्शनवर सांगून ठेवलंय. कलर डॉप्लर झाला की रिपोर्ट घेऊन या, त्या दिवशी रिपोर्ट बघायची फी घेणार नाही. दुसरीकडे जायचं ठरवलंत तरी आमच्या कागदासकट तो रिपोर्ट तिथे दाखवा. तोपर्यंत कुणी कितीही आग्रह केला तरी काकांचा पाय घट्ट बांधू देऊ नका, आणि बोटं थंड किंवा निळसर वाटली तर वाट न बघता हॉस्पिटलला न्या.