जुनं वाचवायचं की नाही?

बस्स झालं आता! इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधलं बंद पडलेलं जुनं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, सगळ्या वस्तीसाठी सभागृह म्हणून उभं करतोय आम्ही. मग खिळ्याखिळ्याला परवानगी का? वास्तू सरकारच्या संरक्षित वारसा वास्तूंच्या यादीत ग्रेड टू दर्जाची आहे, मान्य. ती जपायची म्हणूनच तर घेतली ना! कुजलेली खिडकी बदलायची तर अर्ज. निकाल आठ आठवड्यांत लागायला हवा, पण मध्येच पत्र येतं, अजून एक नकाशा जोडा. तोवर पाऊस थांबतो का?

छपराला हात लावण्याआधी तिथे वटवाघळं आहेत का ते बघायचं, कारण त्यांना कायद्याचं संरक्षण; तर संध्याकाळची पाहणी मे ते सप्टेंबरातच. मग अख्खा हिवाळा बादल्या लावून बसा! आणि गवंडी येतो तो सिमेंटची गोणी घेऊनच. अहो, जुन्या दगडी भिंतीला चुनाच लागतो. सिमेंटने ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात. किती जणांना किती वेळा सांगायचं?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते व्हॅटने. धर्मादाय संस्थेने असंच सभागृह नवं कोरं बांधलं, तर बांधकामावर शून्य टक्के लागू शकतो. जुनं दुरुस्त केलं, तर 20! यादीतल्या वास्तूंच्या मंजूर बदलांना सवलत होती, तीही 2012 मध्ये काढून घेतली. का? आमच्या बायका थंडीत उभ्या राहून वडे तळतात, पैसा पैसा जमवतात. त्यातल्या शंभर पौंडांच्या कामावर वीस पौंड सरकारला कशासाठी द्यायचे?